गनीभाईंचं तख्त

गनीभाई कुणाच्याही घरी गेले की आधी दार उघडमीट करून पाहायचे. यजमान आतून "या, या, बसा" म्हणत घसा कोरडा करतोय आणि हे उंबऱ्यात उभे, दाराच्या फळीला कान लावून. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा आईला वाटलं, कोतवालीतून कुणी जप्तीला आलंय. तिनं घाईघाईनं तांब्याचा हंडा माजघरात लपवला. "अडतंय, पंत," गनीभाई मला म्हणाले, "आन् तुमी ते खालून तासत बसलाव. वरची बिजागरी उतरलीय. खालून कितीबी तासा, दार काय ऐकायचं न्हाई." बिजागरी त्यांनी तिथल्या तिथं नीट केली आणि मग कुठं ओट्यावर टेकून पान घेतलं.

आम्ही दोघं बीडच्या मुन्सिफ कचेरीत नक्कलनवीस होतो. निजामाचं राज्य, सगळा कारभार उर्दूत. निकाल लागला की त्याच्या नकला उतरवून पक्षकारांना द्यायच्या, हे आमचं काम. गनीभाईंचं अक्षर इतकं देखणं की हरलेला पक्षकारसुद्धा नक्कल जपून ठेवायचा. माझं अक्षर पाहून जिंकलेल्यालाही आपण हरलो की काय, अशी शंका यायची.

रस्त्याच्या कामावरचा एक गोरा इंजिनिअर बदलून गेला तेव्हा त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. शहाण्या माणसांनी खुर्च्या घेतल्या, आरसे घेतले. गनीभाईंनी एक यंत्र घेतलं. मेजावर मावेल एवढं, पायानं चालवायचं, ओतीव बिडाचं. वर एक दातेरी पातं गरगर फिरायचं आणि त्याखाली लोखंडाचा एक पाट, मळसूत्राची मूठ फिरवली की पुढं-मागं सरकायचा. पाटावर पितळेची चकती आवळायची आणि पात्याखालून न्यायची, की तिच्या कडेला एक खाच पडते. अशा खाचा पाडत गेलं की दात्यांचं चाक तयार. म्हणजे, व्हायला हवं. पण पाट धड सरकतच नव्हता. मधे डुगडुगायचा आणि टोकाला गेला की गच्च. साहेब एवढी चांगली वस्तू टाकून का गेला, हे लिलावात कुणी विचारलं नव्हतं.

पाटाला ते तख्त म्हणायचे. "तख्त हलंना झालंय" असं एकदा कचेरीत मोठ्यानं बोलून गेले आणि आमच्या वरच्या पेशकारसाहेबांनी चष्म्यावरून आमच्याकडं पाहिलं. हुजूरांच्या राज्यात तख्त हलतंय की नाही याची चर्चा नक्कलनवीसांनी करू नये, एवढं मला कळत होतं. मी मेजाखालून त्यांना पाय मारला. "कावून लाथ मारताव, पंत?" हे आणखी मोठ्यानं.

हा नुसता नाद राहिला असता तर लिहिण्यासारखं काही नव्हतं. पण त्यांच्या घरात हमीदा आपा होत्या. गनीभाईंची ही धाकटी बहीण. सगळी गल्लीच आपा म्हणायची म्हणून आम्हीही म्हणायचो. नवरा गेल्यावर माजलगावचं सासर सोडून त्या भावाकडं आल्या होत्या. हातानं चालवायच्या शिलाई मशीनवर बायकांचे कुडते-चोळ्या शिवून आपल्या पोटापुरतं मिळवायच्या आणि भावाच्या भरल्या घरात ताठ मानेनं राहायच्या. एक दिवस मशीनच्या मुठीजवळच्या चाकाचे दाते तुटले. सोलापूरच्या दुकानातून उत्तर आलं, की ही मशीन जुनी, असलं चाक आता येत नाही. शिलाई बंद पडली आणि माजलगावहून दिराचे निरोप सुरू झाले: भावावर भार होऊन कशाला राहता, घरी या. घरी म्हणजे चुलीपुढं. तिकडं माणसांचं मोठं खटलं होतं आणि राबायला हक्काचं माणूस हवं होतं. आपा एकदा पडद्याआडून मला म्हणाल्या, "पंतभाऊ, तिथं गेले तर मी जित्ती परत यायची न्हाई." त्या उगाच बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"चाक मी करून देतो," गनीभाई म्हणाले. दिराला त्यांनी कळवलं, ईदेपर्यंत थांबा. चाक झालं तर हमीदा इथंच राहील, न झालं तर गाडी घेऊन या. झालं, एका बाईचं सगळं आयुष्य त्या अडलेल्या पाटावर येऊन बसलं.

कचेरी सुटली की मी त्यांच्याकडं जाऊन बसू लागलो. पाटाच्या कडेला एक पातळ पट्टी होती. ती आवळली की पाट घट्ट, सोडली की ढिला. मधल्या भागाला बेताची आवळावी तर पाट टोकाला अडायचा, टोकासाठी सैल करावी तर मधे डुलायचा. चाक धरायचा साचा टोकालाच बसायचा, त्यामुळं टोकापर्यंत गेल्याशिवाय सुटका नव्हती. मी आपलं म्हटलं, "टोकाला भरपूर तेल घाला." ते हसले. "पंत, जिथं अडतं ना, तिथं खराबी नसती. साहेबानं जलमभर मधल्या मधीच काम केलं, मधला भाग झिजला. टोकं कोरीच्या कोरी हायेत. ज्यांचं काय बिघडलं न्हाई, त्यास्नीच आता झिजवायचं. बेइन्साफी हाय, पन दुसरा इलाज न्हाई." उभी हयात निकाल उतरवण्यात गेलेला माणूस असंच बोलणार.

झिजवायचं म्हणजे कानस घेऊन सरसकट घासायचं नव्हे. जाड आरशाच्या काचेवर ते तेलात कालवलेला शेंदूर पातळ पसरायचे आणि पाट त्यावर टेकवायचे. जिथं उंचवटा तिथं शेंदूर लागायचा. तेवढाच खरवडायचा, पुन्हा टेकवायचा, पुन्हा खरवडायचा. शेंदूर आणायला पहिल्यांदा ते स्वतः गेले तेव्हा वाण्यानं विचारलं, "गनीभाई, मारुतीला नवस बोललाव काय?" "बोलतो की," हे म्हणाले, "तख्त चालू दे म्हनावं, दोघं मिळून नारळ फोडू." पुढं त्यांच्या अंगठ्याचा शेंदूर एका निकालाच्या नकलेवर उमटला. त्या निकालातला पाली गावचा वादी भाविक निघाला. त्यानं नक्कल कपाळाला लावली, आणि पेशकारसाहेबांनी गनीभाईंना भर कचेरीत उभं करून झापलं. त्या दिवसांत आम्ही फार हसलो. हे जमणार, असं मला मनापासून वाटत होतं.

रमजान लागला. दिवसभर पाण्याचा थेंब नाही, आणि संध्याकाळी हे वाकून खरवडतायत, घाम काचेवर पडू नये म्हणून कपाळाला फडकं बांधून. महिना सरत आला तेव्हा एके दिवशी इफ्तारीच्या आधी पाट त्यांच्या मनासारखा झाला. मळसूत्र अजून काढलेलंच होतं, पाट नुसता त्याच्या खाचेत बसवला होता. त्यांनी बहिणीला हाक मारली. मी रीत म्हणून भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. "एका बोटानं ढकल," ते म्हणाले. लोखंडाचा काही आवाज मला आला नाही. आला तो आपांचा. "चल्या, भाईजान, चल्या!" इतक्या मोठ्यानं हसताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मळसूत्र बसवलं आणि पाट जागच्या जागी अडला. पहिल्यापेक्षाही वाईट. गनीभाईंनी मूठ सोडली, खाली वाकून पाहिलं आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. खरवडता खरवडता पाट खाली बसला होता. पाटाबरोबर त्याला जोडलेलं मळसूत्रही खाली आलं, आणि ज्या नटातून ते जायचं तो नट खालच्या बैठकीत पक्का, आपल्या जुन्याच उंचीवर. मळसूत्र आता वाकडं शिरत होतं. फरक केसभराचा, पण मळसूत्र अडायला तेवढा पुरतो. "एकच बघत बसलो, पंत," ते म्हणाले. "त्याच्या खाली काय व्हतंय ते बघितलंच न्हाई."

उपाय होता. पाटाच्या टोकाला मळसूत्र धरणारा बिडाचा एक कान होता. त्याची भोकं लांबट करून तो जरासा वर चढवायचा. भोकं केली, कान चढवला, पण ईद तोंडावर आलेली, हाताला घाई. बीड वाकून दाखवत नाही, एकदम तुटतं. आवळता आवळता कान कटकन दुभंगला. ओताऱ्याकडं पितळेचा नवा कान ओतून मागितला तर तो म्हणाला, ईदेनंतर बघू. ईदेनंतर बघून काय करायचं होतं? शेवटी ईदेच्या दिवशी नमाज पढून आल्यावर, अंगावरच्या नव्या कपड्यांनिशी गनीभाई बसले आणि मळसूत्राशिवाय, पाट हातानंच ढकलत चाक कापायला लागले. पाय मी मारत होतो. पात्यानं पितळ पकडलं, पाट हिसकला आणि चकतीचा तुकडा उडून भिंतीवर आदळला. चकती ती एकच होती. आतून शिरखुर्म्याचा वास येत होता.

दीर ठरल्याप्रमाणं गाडी घेऊन आला. गनीभाईंनी आणखी थोडी मुदत मागितली. "मुदत तुमच्या कचेरीत मागा," तो म्हणाला. चूक त्याचीही नव्हती, शब्द गनीभाईंनीच दिला होता. आपा बुरखा घेऊन बाहेर आल्या. "मशीन इथंच राहू द्या, भाईजान," त्या म्हणाल्या. "चाक झालं की कळवा. मी येते." गाडी बिंदुसरेच्या पात्रात उतरेपर्यंत हे उन्हात उभे होते.

गनीभाईंनी काम सोडलं नाही. कान ओतून आला, नवी चकती आली, मळसूत्र हळूहळू नटाशी जुळत आलं. आणि मुलखात मानमोडीच्या तापाची साथ शिरली. घरटी माणसं जात होती. माजलगावात आपा गेल्या. खटल्यातली सगळीच आजारी, त्यांची शुश्रूषा करता करता त्या गेल्या. निरोप आला तोवर माती होऊन गेली होती.

भेटायला गल्लीतली माणसं येऊन जात होती. एका दुपारी लिंबाजी शिंपी आला. बायकांच्या कापडाचं काम तो आपांकडं पाठवायचा. जरा वेळ बसला आणि सांत्वनाचे चार शब्द बोलावेत म्हणून म्हणाला, "लई गुनाची बाई, गनीभाई. तिची मशीन मोडली तवा म्या म्हनलं व्हतं, आपा, आमच्या भावाची अश्शीच मशीन माळ्यावर पडलीय, तिचं चाक घिऊन जा. पैसा नको. रमजानात पुन्यांदा म्हनलं. तर म्हनली, न्हाई लिंबाजी, माझा भाऊ रोजे धरून चाक करायलाय. तुमचं बसवलं तर त्याला काय वाटंल? भावावर लई जीव तिचा." लिंबाजीला काहीच ठाऊक नव्हतं. आणखी थोडा बसला, डोळे पुसले आणि रामराम करून गेला.

आम्ही दोघंच उरलो. मला राग आला होता. त्यांचा, आपांचा, त्या गोऱ्या साहेबाचा, सगळ्यांचा.

"तिनं मला सांगायचं व्हतं, पंत," गनीभाई म्हणाले.

मी विचारायला नको होतं, पण विचारलं, "सांगितलं असतं, तर घेतलं असतं तुम्ही लिंबाजीचं चाक?"

खोटं बोलले असते तरी मी मान डोलावली असती. पण त्या माणसाला खोटं बोलता यायचं नाही. त्यांनी विचार केला, खरोखरच केला.

"न्हाई," ते म्हणाले. "आन् ते तिला म्हाईत व्हतं."