मोटारसायकलच्या मुठी

लग्नानंतर आम्ही बेलापूरला राहायचो. हे साखर कारखान्यात ऊस बघायच्या नोकरीवर; सकाळी मोटारसायकलला किक मारायची आणि दिवसभर शिवारं पालथी घालायची. त्या उन्हाळ्यात ह्यांचा उजवा हात हँडलवरून सुटायला लागला. एकदा तर कालव्याच्या भरावावर पडता पडता वाचले. घरी येऊन सगळा दोष दिला मुठीला. म्हणाले, "रबर झिजलंय. एक्सलेटर पिळला की हात सटकतोय."

नव्या मुठी आणल्या. हात सुटायचा तो सुटतच राहिला. माझा स्वभाव मूळचाच तापट. म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं!" हे हसले, मला मात्र हसू येत नव्हतं. हे घराबाहेर पडले की परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागायचा.

रविवारी श्रीरामपूरला गेलो. दुकानदाराने काचेवर मुठी मांडल्या: गुळगुळीत, खाचांच्या, जाड दाण्यांच्या. हे प्रत्येक मूठ उजव्या हातात घ्यायचे आणि लगेच डाव्या हातात घेऊन पिळून बघायचे.

"अहो, बसवायची उजवीकडे ना?" मी विचारलं.

"ह्या हाताला नीट कळंना," म्हणाले.

दुकानदाराने दाणेदार जोडी पुढे सरकवली. "ही न्या, सायेब. घामानं बी सटकायची न्हाई. पर बसवताना तेल लावू नका, न्हाईतर जागच्या जागी फिरत ऱ्हाईल. उकळत्या पान्यात टाका, मऊ झाली की घाला."

घरी आल्यावर मी पाणी उकळून पातेलं अंगणात ठेवलं, त्यात मुठी टाकल्या आणि सांडशी आणायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर एक मूठ ह्यांच्या उजव्या हातात. पाण्यात हात घालून काढली होती. अजून वाफ निघत होती, आणि हे ती निवांतपणे हँडलवर चढवत होते.

"अहो, पोळलं नाही का?"

"कुठं काय?"

मी हात ओढून घेतला. तळवा लालभडक, करंगळीपाशी फोड धरत होता. माहेरी मिशनच्या दवाखान्याच्या भिंतीकडेला माणसं बसलेली असायची. ओढता ओढता विडी बोटापर्यंत जळत यायची, बोट भाजायचं, तरी त्यांना कळायचं नाही. महारोग. आमच्याकडे हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नसे. झालेल्याला गावाबाहेर काढत, घरचेसुद्धा.

मी ह्यांची करंगळी धरली आणि तिच्यात नख रुतवलं.

हे मुठीकडेच बघत होते. डाव्या हाताने ती पिळून म्हणाले, "बसली बघ घट्ट. आता न्हाई सुटायचा हात."

मी नख आणखी जोरात दाबलं. ह्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.