बयाआत्तीची तिरीप

गडमुडशिंगीत बयाबाईंची पिठाची गिरणी आहे. नवरा शेताचं बघतो, गिरणी बयाबाईंची. आयुष्यभर पट्ट्याच्या खडखडाटात बोलून त्यांचा आवाज असा झालाय, की त्या हळू बोलल्या तरी पलीकडच्या गल्लीतलं माणूस ओ देतं.

त्यांचं नाव ठेवलं त्यांच्या आजीनं. घरात लागोपाठ तिसरी मुलगी झाल्याचं कळलं तेव्हा आजीच्या तोंडून "अगं बया!" निघालं आणि तेच चिकटलं. शाळेत त्यामुळे फार हाल झाले. कुणाची पाटी फुटली, कुणाला मुंगी चावली, की पोरी "अगं बया" म्हणायच्या आणि ही दचकून मागं बघायची. मग पोरी मुद्दाम करायला लागल्या. शेवटी एकीच्या दोन्ही वेण्या धरून हिनं तिला वर्गातनं व्हरांड्यापर्यंत ओढत नेलं, तेव्हा जरा कमी झालं. आजही गिरणीत कुणी डबा उचलताना "अगं बया, केवढा जड!" म्हणालं, की बयाबाई "काय गं?" म्हणून मोकळ्या होतात.

गेल्या माघात त्यांच्या भाच्याला, उन्मेषला, मुलगी झाली. बायको अंतरा बाळंतपणाला आजऱ्याला माहेरी गेली होती. उन्मेषला सख्खी बहीण नाही, त्यामुळे बाळाच्या कानात नाव सांगायचा आत्याचा मान बयाबाईंकडे आला. बारशाच्या चार दिवस आधी त्याचा फोन आला, तेव्हा गिरणी ऐन भरात होती.

"आत्ती, नाव ठरलं! तिरीप!"

"ट्रिप?" बयाबाई ओरडल्या. "पोरगी हाय का उसाच्या ट्रॅक्टरची खेप?"

"ट्रिप न्हवं गं! तिरीप! उन्हाची तिरीप!"

बयाबाईंनी गिरणी बंद केली. "ती व्हय? अरं, ती रोज माझ्या खिडकीतनं आत येती की! ते काय नाव हाय? मग दुसरी झाली की उंबरा ठेव."

"लई वेगळं हाय, आत्ती. कुणाचंच न्हाय."

"कुणाचंच का न्हाय, ते बघ की आधी."

बारशाच्या दिवशी सकाळी त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ बाळासो, म्हणजे उन्मेषचे वडील, एसटीनं आजऱ्याला निघाले. बाळासोंनी मनातल्या मनात नातीचं नाव राजनंदिनी ठेवलं होतं. पोरं ऐकत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बहिणीला गाठलं.

"तिरीप, दिलीप... लोकं म्हणतील, पोरगा हाय. अक्का, तू असं कर. कानात राजनंदिनी म्हण. एकदा कानात गेलं की गेलं. मग काय करतील?"

"आनी अंतरा काय म्हणंल?"

"म्हणू दे की. मान तुझा हाय."

बयाबाई "बघू" म्हणाल्या आणि आजरा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या. भाऊ सांगत होता म्हणून नव्हे, पण त्यांनाही तिरीप हे नाव नको होतं.

अंतराच्या माहेरी स्वयंपाकाची गडबड होती. बयाबाई थेट बाळंतिणीच्या खोलीत गेल्या, बाळाच्या हातावर सोन्याची अंगठी ठेवली, आणि दार ओढून घेतलं.

"अंतरा, तोंडावर सांगतो. राग मानू नगंस. शाळंत हिला तिरपी म्हणतील. तिरळी म्हणतील. माझं नाव म्हंजे नुसता एक शब्द. त्यानं मी काय सोसलंय, मला ठावं हाय." आणि त्यांनी मुंगीपासून वेण्यांपर्यंत सगळं सांगितलं.

अंतरा हसता हसता थांबली. "आत्ती, अजून राग येतो तुम्हाला नावाचा?"

असं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. बयाबाईंनी पदरानं मान पुसली.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "लगीन होऊन आलो, पहिल्यांदा गिरणीत बसलो. नवी नवरी पट्टा चढवती बघून बायका दारातनंच म्हणाय लागल्या, अगं बया! मला वाटलं, समद्या गावाला माझं नाव आधीच ठावं हाय. त्या दिवसापासनं आवडाय लागलं. कुणाला काय बी नवल दिसलं की माझंच नाव घेत्यात की गं."

तेवढ्यात अंतरानं त्यांच्या हाताला धरून बाळाकडे बघायची खूण केली. छपरात काचेचं एक कौल होतं. तिथून उन्हाची तिरीप सरकत सरकत दुपट्यावर आली होती. ती पायाला लागली तसा बाळानं पाय आखडला. थोड्या वेळानं पुन्हा हळूच लांब केला, आणि पुन्हा आखडला.

"रोज याच वेळेला असं चालतं दोघींचं," अंतरा म्हणाली. "मी जेवायचं विसरते बघताना."

बयाबाई पलंगाच्या कडेला टेकल्या. बाहेरून दोनदा हाक आली तरी उठल्या नाहीत.

"आनी चिडवलं पोरींनी, तर?"

"तर तुमच्याकडं पाठवीन. वेण्या कशा धरायच्या तेवढं शिकवा."

संध्याकाळी पाळणा सजला. बायकांनी बाळाला पाळण्यात घातलं आणि बयाबाई खाली वाकल्या. बाळासो दाराशी उभे राहून अर्थपूर्ण खोकले. बायका आत्याच्या पाठीत गुद्दे घालायला सरसावल्या. बयाबाईंनी "कुर्रर्र" केलं आणि बाळाच्या कानात नाव सांगितलं. त्यांच्या मते ते कानातच सांगितलं. शेजारच्या घरातला म्हातारा मात्र ओसरीवर येऊन विचारायला लागला, "कोण तिरीप? कोण आलंय?"

बाळ रडलं नाही. डोळे मोठे करून आत्तीकडे बघत राहिलं. पाठीत गुद्दे बसत होते आणि बयाबाई हसत होत्या.

"अक्का," परतीच्या गाडीत बाळासो म्हणाले, "तू बी फितूर झालीस."

"झालो," बयाबाई म्हणाल्या. "घुगऱ्या खा."

बाळासोंनी हट्ट सोडला नाही. अंतरा बाळाला घेऊन सासरी आली तरी ते एकटेच राजनंदिनी म्हणायचे. बाळ त्यांच्याकडे बघायचंच नाही. त्यांना वाटलं, ऐकायला कमी येतं की काय. एकदा घरात कुणी नाही असं बघून त्यांनी हळूच "तिरीप" म्हणून पाहिलं. बाळानं मान वळवली आणि बोळकं पसरलं.

परवा ते नातीला कडेवर घेऊन गिरणीत आले. दळणाला आलेल्या एका पाव्हण्यांनी नाव विचारलं.

"तिरीप," बाळासो म्हणाले. "उन्हाची असती न्हवं, ती. लई जुना शब्द हाय. आजकालच्या लोकांना म्हाईत न्हाय."

"झकास! कुणी ठेवलं?"

"आम्हीच ठेवलं की."

बयाबाईंनी भावाकडे एकदा बघितलं, नातीच्या गालाला लागलेलं पीठ पुसलं, आणि पुढचा डबा ओढला.