गोव्याला गेलेला गुडघा

गोव्याला निघाले तेव्हा माझे दोन्ही गुडघे उत्तम होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण आता कोणी विश्वास ठेवत नाही.

मी यवतमाळला एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, ऑफिसात हिशेब पाहते. त्या वर्षी कापसावर लाल्या रोग आला. उभी झाडं लाल झाली, बोंडं भरलीच नाहीत, आणि आमचं जिनिंग हंगाम अर्धा असतानाच थांबलं. कापूस नाही म्हणून गाठी नाहीत, गाठी नाहीत म्हणून बिलं नाहीत, आणि बिलं नाहीत म्हणून टेबलावर मी नाही! घरी बसून मी काय करणार? माळे आवरले, डब्यांना चिठ्ठ्या लावल्या, मग ह्यांच्या चपलांना जागा ठरवून दिल्या. ह्यांनी घाबरून पुण्याला मुलीला फोन केला.

पूनमने पन्नाशीची भेट म्हणून माझं गोव्याचं बुकिंगच करून टाकलं. समुद्रावरचं मोठं रिसॉर्ट, चार दिवस, आणि अट एकच, आईने एकटीने जायचं.

"आई, तू आजवर एकटी कुठे गेलीस का?"

"परवाच गेलती, बँकेत."

"बँक नाही गं! स्वतःसाठी!"

"स्वतःच्याच खात्यासाठी गेलती."

पण पोरगी ऐकेना. आणि खरं सांगू? मलाही जायचं होतं. पण लोकांना सांगायचं काय?

"गोव्याचं नाव काढू नको," हे म्हणाले. "कापसाची ही गत, आन् जिनिंगमधली बाई समुद्रावर! लोकं काय म्हणतीन?"

लोकांचं मला फारसं भय नव्हतं. भय होतं ते एकाच माणसाचं, वच्छलाताईंचं. ह्या माझ्या थोरल्या नणंदबाई. पांढरकवड्याकडे त्यांची शेती, सगळी कापसाची, आणि सगळी लाल झालेली. माझ्या दोन्ही बाळंतपणांत ताईंनी मला हातावर झेललं होतं. त्यांना कोणत्या तोंडाने सांगू, की तुमचं शेत असं झालं आणि मी चालले समुद्रावर तेल लावून घ्यायला? ताईंना कळता कामा नये, बाकी जगाला कळलं तरी चालेल, असं मी ठरवलं. 'पुण्याला पूनमकडे गेली' एवढंच ह्यांनी सांगायचं. तीन शब्द! (ह्यांना खोटं बोलता येत नाही. एकदा मिक्सरचं भांडं फोडलं, तर मी विचारायच्या आत 'मी नाई' म्हणून मोकळे.)

फ्रिजवर ह्यांच्यासाठी यादी चिकटवली आणि मी निघाले. एक यादी माझ्यासाठीही केली होती. समुद्र पाहणे. झोपणे. कोणालाही चहा करून न देणे. झालं असं, की पहिल्याच दिवशी दुपारच्या आत माझी सगळी कामं आटोपली! समुद्र पाहिला, झोपही झाली, चहा मागायला कोणी आलंच नाही. मग जेवणाच्या हॉलमध्ये उलटसुलट ठेवलेले चमचे सारखे करायला घेतले. तिथल्या मुलाने हात जोडले, "मॅडम, प्लीज, आराम करा."

आराम करायला खुर्चीत टेकते न टेकते, तोच ह्यांचा फोन.

"राऊतकाकू आलत्या. मी म्हटलं, पुण्याले गेली पूनमकडे. तं त्या म्हणे, पूनम तं ऑफिसच्या कामानं चेन्नईले हाये, काल आमच्या पोरीसोबत, सीमासोबत बोलली."

"मग?"

"मंग मी म्हटलं, तब्येतीसाठी गेली."

"कसली तब्येत?"

"गुडघा."

"कोणाचा?"

"तुहाच ना वो! माह्या गुडघ्यासाठी तू कायले जाशीन?"

राऊतकाकू आमच्या शेजारी. त्यांना सांगितलं की गल्लीत वेगळं सांगावं लागत नाही. आणि आमच्याकडे माणूस आजारी म्हटलं की भेटायला जायचंच. सफरचंदं घ्यायची, बिस्किटाचा पुडा घ्यायचा आणि पेशंटजवळ बसून त्याच आजाराने कोण कोण गेलं ते सांगायचं. पेशंट घरी नाही, तर लोक पेशंटच्या नवऱ्यालाच भेटायला येऊ लागले!

"साखर कोण्या डब्यात हाये?" ह्यांचा पुन्हा फोन.

"डब्यावर लिहिलंय, साखर."

"त्यात तं रवा निघाला. दोन माणसं तसाच चहा पेऊन गेली!"

(डबे मी संक्रांतीला बदलले होते, चिठ्ठ्या बदलायच्या राहिल्या. हे मी त्यांना सांगितलं नाही.)

तेवढ्यात राऊतकाकूंनी फोन ओढून घेतला. मी त्या वेळी पोहायच्या तलावाच्या काठावर, निळ्या पाण्यात पाय सोडून बसले होते. आवाज शक्य तितका खोल नेला.

"कसं वाटते सुनंदाबाई?"

"काय सांगू काकू. उजव्या गुडघ्यातून नुसती कळ येते."

"मॅडम, तुमचं नारळपाणी!" मागून वेटर ओरडला.

"नारळपाणी देऊन राह्यले? म्हणजे सलाईन निघालं वाट्टे!" काकूंनी खुशखबर लगेच खोलीभर सांगितली. मी फोन ठेवला आणि नारळपाणी प्यायले. पाप लागलं असेल, पण गार होतं.

दुसऱ्या दिवशी ह्यांचा आवाजच बदललेला.

"एक सांगाचं होतं. ताई आलती."

"कोण ताई?" खरं म्हणजे मला कळलं होतं.

"आपली ताई. आली, चहा पेली, आन् पत्ता घेऊन गेली."

"पत्ता काहून देला तुमी?"

"तिनं माह्याकडे पायलं ना वो!"

ताईंनी ह्यांना लहानपणी पाढे शिकवलेत, छडी घेऊन. अजूनही ताईंनी पाहिलं की ह्यांच्या तोंडून एकोणतीसचा पाढा बाहेर पडतो, तिथे पत्त्याचं काय घेऊन बसलात!

"मग आता पांढरकवड्याला गेल्या का?"

"नाई. ट्रॅव्हल्समंधी बसली. बारमाही घरात राबणारी बाई, एकटी गेली. म्हणे, परक्या मुलखात भावजय एकटी पडली हाये, आन् तू इथं चहा पेऊन राह्यला!"

गडबडून जाण्यातली मी नाही, मी आखणी केली. पुण्याला गाडी बदलायची, पुढे घाट, म्हणजे ताई उद्या संध्याकाळच्या आत पोहोचणं शक्य नाही. उद्या दुपारी काउंटरवरून पट्टी मागून घ्यायची, गुडघ्याला बांधायची आणि पांघरूण घेऊन पडायचं. सकाळ मोकळीच होती, आणि पूनमने अंगाला तेल नि तोंडाला लेप असल्या कशाकशाचे पैसे आधीच भरून ठेवले होते. वाया कशाला घालवा?

माझ्या आखणीत चूक नव्हती. आजवर ज्या ट्रॅव्हल्सची गाडी कधी वेळेवर पोहोचली नाही, ती त्या दिवशी वेळेआधी पोहोचली, त्याला मी काय करणार!

मी व्हरांड्यात लांब खुर्चीवर पडलेली. अंगात पांढरा गाऊन, डोक्याला पांढरा टॉवेल घट्ट गुंडाळलेला, चेहऱ्यावर शेवाळी रंगाचा जाड लेप. लेप लावणारी मुलगी बजावून गेली होती, "मावशी, सुकेपर्यंत तोंड हलवायचं नाही हां. भेगा पडतात." लेप सुकून दगड झाला होता. आणि फरशीवर चपलांचा ओळखीचा आवाज आला.

ताई! खांद्यावर पिशवी, हातात कापडात बांधलेला डबा, डोळे रडून सुजलेले. त्या दारात थबकल्या. माझ्याकडे पाहिलं. डबा खाली ठेवला.

"सुनंदा! अवो माय, काय झालं वो हे?"

"ऊं," मी म्हटलं. ओठ हलेनात!

"बोलणंबी गेलं हिचं!" ताईंनी हंबरडा फोडला. लेपवाली मुलगी धावत आली. ताईंनी तिचा दंडच धरला. "डॉक्टर कोठी हाये? गुडघ्यासाठी पाठवली होती ना आम्ही? मंग तोंडाले काय केलं तुम्ही? सांग!"

"आजी, लेप आहे तो. धुतला की जातो."

"तोंड जाते का लेप जाते?"

"ऊं! ऊंऊं!" मी हातवारे केले. ताईंना वाटलं झटका आला. त्यांनी माझे पाय दाबून धरले, आणि आजूबाजूच्या खुर्च्यांवरच्या श्रीमंत बाया आपापले टॉवेल सावरत उठून गेल्या.

शेवटी त्या मुलीने गरम पाण्याच्या फडक्याने माझा चेहरा पुसून काढला. आतून मी निघाले, चांगली टवटवीत. नेहमीपेक्षा जास्तच, हीच तर पंचाईत! खोटं बोलायला आता जागा उरली नव्हती.

"ताई," मी म्हटलं, "गुडघा चांगला हाये."

"बरा झाला?"

"झालंच नव्हतं काही. पूनमनं मले आरामासाठी पाठवलं. तुमच्या कापसाचं असं झालं, आणि मी इथं... सांगाची हिंमतच नाही झाली."

ताईंनी खाली ठेवलेला डबा उचलला. आता वळतील आणि चालू लागतील, पुन्हा आपल्या दारात पाऊल टाकणार नाहीत, असंच मला वाटलं.

"मोठा आजार नाई ना?" त्यांनी हळूच विचारलं. "खरं सांगजो. येवढ्या दूर कोणी गुडघ्यासाठी येते का? मले वाटलं, हे लोकं मले लपवून राह्यले. गाडीत पुरी रात रडत आली मी."

"नाही हो ताई. शप्पथ, काहीच नाही."

ताई मटकन खाली बसल्या. पदराने डोळे पुसले, मग माझ्या पाठीत असा धपका घातला, की तेलाने मोकळं झालेलं अंग पुन्हा आखडलं.

"आन् माह्या कापसानं सांगितलं का तुले, समुद्रावर जाऊ नको म्हून? अं? तू घरी बसली असती तं माही बोंडं भरली असती?"

मला रडूही आलं आणि हसूही. ताईंनी डबा सोडला. भाकर, ठेचा, तिळाची चटणी. तीन दिवस फिकं खाऊन कंटाळलेली मी त्या पंचतारांकित व्हरांड्यात मांडी घालून जेवले.

मग ताईही राहिल्या. पलंग एवढा मोठा होता की दोघींत आणखी दोघी मावल्या असत्या. त्या थंड खोलीत ताई अशा झोपल्या, की मी दोनदा नाकाशी बोट धरून पाहिलं. संध्याकाळी त्यांना पाण्यात नेलं. लुगडं घोट्यावर धरून त्या उभ्या राहिल्या.

"येवढं पाणी! आन् याच्यावर मोटर नाई लावत का कोणी?"

"खारं असते ताई."

"म्हणजे कामाचं नाई," ताई म्हणाल्या, आणि त्या बिनकामाच्या पाण्याकडे अंधार पडेपर्यंत पाहत बसल्या. निघताना हळूच म्हणाल्या, "एक राह्यलं. गाडीत मी कळंबच्या चिंतामणीले नवस बोलून बसली. माही भावजय आपल्या पायावर उभी दिसली, तं पायी येईन तुह्या दर्शनाले."

"तुम्ही जाणार पायी?"

"मी कायले? गुडघा कोणाचा होता?"

आम्ही परतलो ते बरोबरच. ऑटोतून उतरताना मी यादी मनात म्हटली, गल्लीत लंगडायचं, कोपरा वळला की सरळ चालायचं. चार पावलं छान लंगडले. राऊतकाकू आमच्या फाटकात ह्यांच्याशेजारी उभ्याच होत्या.

"सुनंदाबाई, तुम्ही उजवा पाय ओढून राह्यल्या. भाऊजी तं डावा गुडघा म्हणे!"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे आभाळाकडे पाहू लागले. कोणता गुडघा, एवढंच आम्हा नवरा-बायकोचं ठरलं नव्हतं! सगळं संपलं असं वाटलं, तोच मागून ताई पिशवी घेऊन उतरल्या.

"दोन्ही होते ना काकू! डावा बरा करून आणला. उजवाबी चिंतामणीच्या किरपेनं होऊनच राह्यला. ही कळंबले पायी चालली हाये, बोललो आपण. आन् तिथलं समुद्राचं पाणी लय गुणाचं! माही कंबरच मोकळी झाली. पुढच्या साली मलेबी जावं लागीन."

मग काय! यवतमाळहून कळंबला मी पायी गेले. सोबत अर्धी गल्ली होती, टेम्पोत बसून. ताई ऑटोत पाण्याची बाटली घेऊन शेजारून, "सावकाश वो, गुडघा नवा हाये!" चिंतामणीसमोर मी उभी राहिले ती ताईंच्या खांद्याला धरून.

आता माझे दोन्ही गुडघे दुखतात, खरेखुरे. पण सांगायची सोय नाही. राऊतकाकू येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवतात, "पाहा, या समुद्रावर बऱ्या झाल्या!" म्हणून मी गल्लीतून ताठ चालते, आणि कोपरा वळला की भिंत धरते.