हलका हात

आगाशीच्या बाजारात सुकेळ्यांचा वास आला, की नंदाखाल गावातलं आमचं अंगण आठवतं. त्या दिवशी चटयांवर सोललेली राजेळी केळी वाळत होती, मी आणखी सोलत होते आणि शाळेचे बास्केटबॉलचे सर वडिलांसमोर उभे होते. "राज्याच्या शिबिराला पाठवा हिला. बॉल तळहाताला लागू देत नाही, नुसत्या बोटांवर खेळवते." वडील शांतपणे म्हणाले, "तोच हात इथे लागतो, सर. हिने सोललेलं एक केळं मोडत नाही. ऊन आहे तोवर सुकेळी व्हायला हवीत." सरांनी रिकाम्या हाती जाऊ नये म्हणून आईने त्यांना वाळक्या पानात बांधलेला सुकेळ्यांचा पुडा दिला. मला काहीच वाटलं नाही. मी पुढचं केळं उचललं. आज बाजारात पुडा विकत घेतला आणि घरापर्यंत बोटांवरच धरून आणला, तळहाताला न लावता.