वदीदाचा अबोला

कोम अल-जीर गावात कुर्बानाची भाकर भाजायचं काम जरीफच्या घराण्याकडे होतं. चर्चच्या मागच्या अंगाला भट्टीची खोली आणि तिच्या भिंतीला भिंत लावून जरीफचं घर. रविवारी पहाटे तो आंघोळ करून, तोंडात पाण्याचा थेंबही न घेता पीठ मळायला बसे आणि मळता मळता स्तोत्रं म्हणे. पिठात मीठ घालायचं नाही, बाईचा हात पिठाला लागू द्यायचा नाही आणि परातीत भाकरी विषम संख्येतच ठेवायच्या, हे त्याला बापाने शिकवलं होतं. भिंतीपलीकडे त्याची बायको वदीदा पडल्या पडल्या ऐकत असे. कुठल्या स्तोत्राला भाकरी भट्टीत गेल्या आणि कुठल्या स्तोत्राला निघाल्या, हे तिला न बघता कळे.

परातीतून अबूना, म्हणजे आमचे पाद्री, एकच भाकर निवडतात. तीच वेदीवर जाते, ख्रिस्ताचं शरीर होते आणि तुकड्यातुकड्याने लोकांच्या तोंडात पडते; यालाच कुर्बान घेणं म्हणतात. बाकीच्या भाकरी उपासना सुटल्यावर दारात वाटतात, पोरं त्या चघळत घरी जातात. वदीदाच्या घरी त्या भाकरींची वानवा कधीच नव्हती. पीठ तेच, भट्टी तीच, वरचा क्रुसांचा ठसाही तोच. पण ती एक निवडलेली भाकर मात्र नऊ वर्षं तिच्या वाट्याला आली नव्हती. ती दर रविवारी जाई, बायकांच्या बाजूला अगदी मागे खांबाला टेकून उभी राही, आणि रांग लागली की मान खाली घाली.

आता गाव म्हटलं की बोलणारच. आमच्याकडे कुणाशी वैर असेल तर आधी ते मिटवायचं, मग कुर्बान घ्यायचं, असा नियम. त्यामुळे जो नऊ वर्षं रांगेत दिसत नाही त्याने पोटात केवढा राग दाबून ठेवला असेल, याचा हिशोब लोकांनी आपापल्या परीने केला. वदीदाची धाकटी नणंद बलसम हिच्याशी तिचं पूर्वी एकदा एका गाढवीच्या शिंगरावरून वाजलं होतं. शिंगरू केव्हाच मेलं, भांडण महिन्याभरात मिटलं. पण लोकांनी ते पुन्हा वर काढलं, आणि बलसमची झोप उडाली.

"वहिनी, एवढं काय गं मी तुझं घोडं मारलं?" ती ओसरीत येऊन म्हणायची. "तू तिथं खांबाला चिकटतेस आणि सगळं गाव माझ्याकडं बघतं."

"तुझ्यावर माझा काही राग नाही."

"मग ऊठ की, आणि रांगेत उभी राहा. की मी पाया पडू?"

वदीदा चुलीकडे वळे. बलसम पाय आपटत निघून जाई आणि पुढच्या रविवारी पुन्हा येई. जरीफचं दुःख आणखी वेगळं होतं. कुर्बान भाजणाऱ्याचीच बायको कुर्बान घेत नाही, म्हणजे आपल्या हाताला काही दोष आहे, असं त्याला वाटू लागलं होतं. एकदा त्याने तिला मुलाच्या नावाने हाक मारून विचारलंही, "बिशायची आई, मी मळतो ते काही चुकतं का?" ती म्हणाली, "तुमचं काही चुकत नाही." तो भला माणूस तेवढ्यावर भट्टीकडे परत गेला.

गोष्ट खरी एवढीच होती की वदीदाचं अंगावरून जाणं थांबत नव्हतं. महिन्याच्या त्या दिवसांत आमच्या बायका कुर्बान घेत नाहीत. हे कुणी सांगावं लागत नाही, आई करते तसं मुलगी करते. चव्वेचाळिसाव्या वर्षी ते दिवस आले आणि गेलेच नाहीत. पहिल्यांदा तिला वाटलं, या रविवारी नाही तर पुढच्या. मग वाटलं, वय झालं की असं होतंच. बडीशेप उकळून प्याली, दालचिनी उकळून प्याली. अधूनमधून चार दिवस कोरडे जात. मग ती शुक्रवारीच रविवारचे कपडे धुऊन वाळत घाली, उपास धरी, आणि शनिवारी संध्याकाळी पुन्हा सुरू होई. ते कपडे ती घडी करून ठेवून देई. असं किती वेळा झालं हे तिने कुणाला सांगितलं नाही.

विचारायचं कुणाला? अबूना सरापामोन हे जरीफचे सख्खे चुलते. ज्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर सरकू दिला नाही त्या चुलत सासऱ्यांना हे कसं सांगायचं? ती त्यांच्याकडे पापं कबूल करायला जाई, शेजारणीविषयी वाईट बोलले, उपासात दूध प्याले, एवढं सांगून उठे. म्हातारबुवा विचारत, "आणि कुर्बान?" ती म्हणे, "येईन." हे काही पाप नव्हतं, म्हणून ते कबुलीत बसत नव्हतं. देवाच्या घरात बाईच्या या दुखण्याला जागाच ठेवलेली नाही, हे मी आजही म्हणेन. कुणाला राग आला तर येवो.

तिची भूक मात्र साधीसुधी नव्हती. तेरा वर्षांची असताना ईस्टरआधीच्या मोठ्या आठवड्यातल्या गुरुवारी तिने कुर्बान घेतलं होतं, कण सांडू नये म्हणून तोंडावर रुमाल धरून ती भिंतीकडेला येऊन उभी राहिली होती, आणि तेव्हा कुणीतरी आत येऊन बसलं. उजेड नाही, आवाज नाही. घरात पाठमोरं बसून भांडी घासताना मागे कुणी आलंय हे जसं समजतं, तसं. घरी पोचेपर्यंत तो होता. आईला सांगितलं तर आई म्हणाली, "उपाशीपोटी होतं तसं. भाकर खा." पुढे लग्न झालं, बिशाय झाला, मोठा होऊन कुवेतला गेला. तीस वर्षं ती दर रविवारी रांगेत उभी राहिली ती त्याच एका आशेवर. तो आत येऊन बसणारा पुन्हा आला नाही, पण येईल असं वाटायला जागा होती. नंतरच्या नऊ वर्षांत ती जागाही उरली नाही. दार बाहेरून लागलं, आणि ते आपल्याच अंगाने लागलं, असं ती धरून चालली होती.

अबूना सरापामोन वारले. त्यांच्या जागी अबूना बिसादा आले. वयाने तिशीचे, दाढीही अजून धड भरली नव्हती. ते घरोघर भेटी द्यायला निघाले तेव्हा त्यांची बायको हेलाना बरोबर होती. पाद्र्याच्या बायकोला आम्ही तासोनी म्हणतो. ही तासोनी लग्नाआधी मल्लवीच्या इस्पितळात परिचारिका होती. वदीदाने चहाचा पेला पुढे केला तेव्हा तासोनीने पेला घेतला नाही, तिचा हातच धरला. नखं चुन्यासारखी पांढरी होती. अबूना आणि जरीफ बाहेर भट्टी बघायला गेले तशी तिने विचारलं, "मावशी, किती दिवस चाललंय हे?"

वदीदा म्हणाली, "नऊ वर्षं."

दुसऱ्याच दिवशी तासोनी तिला मल्लवीला घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, आत बघितलं, पुन्हा बघितलं आणि हात धुवायला फार वेळ लावला. गर्भाशयातली गाठ आता गर्भाशयापुरती राहिली नव्हती. चार वर्षांपूर्वी आणलं असतं तर काही करता आलं असतं, आता घरी न्या, असं त्यांनी तासोनीला बाजूला घेऊन सांगितलं. वदीदाने ते ऐकलंच. परतताना गाडीत ती उसाच्या शेतांकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे हे आता थांबणार नाही?"

"नाही, मावशी."

"मग मला मरेपर्यंत कुर्बान मिळायचं नाही?"

तासोनीला आधी अर्थ लागला नाही. लागला तेव्हा तिने गाडीतच तोंडावर हात घेतला.

त्याच संध्याकाळी अबूना बिसादा एकटे आले. जरीफ दारात थांबला. ही असली गोष्ट बोलायची म्हणजे अबूनांचेही कान लाल झाले होते.

"बिशायची आई, हा आजार आहे. आजाराला कसली आलीय मनाई? तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"तुम्ही विचारलं असतंत तर अबूना सरापामोननीही हेच सांगितलं असतं. कुठल्याही रविवारी येता आलं असतं तुम्हाला."

"कुठल्याही?"

"कुठल्याही."

तिला आनंद होईल अशी त्या बिचाऱ्यांची समजूत. दारात जरीफ खाली बसला. नऊ वर्षांनी त्याला कळलं की हाताला दोष नव्हता, आणि आपण शेजारी झोपून तिला काय होतंय हे कधी विचारलं नाही. वदीदा मात्र रडली नाही. ती भिंतीकडे वळून झोपली. त्या रविवारी तिने कपडे बदलले नाहीत, पुढच्या रविवारीही नाही. बलसमने डाळ शिजवून आणली, पाय चेपले, शिंगराचं नाव काढून स्वतःला शिव्या दिल्या आणि म्हणाली, "आता तरी जा गं, वहिनी. मी धरून नेते."

"आता नाही जमत," वदीदा म्हणाली. "आधी माझं कुणाशी वाकडं नव्हतं. आता आहे."

"माझ्याशी?"

"तू कोण गं एवढी मोठी? त्याच्याशी. मी खांबाला टेकून उभी होते, त्याला दिसत होते. सगळं दिसतं ना त्याला? एखाद्या बाईला माझ्याकडे धाडायला त्याला नऊ वर्षं लागली. आणि धाडली ती कधी?"

बलसमने झटकन क्रुसाची खूण केली. मग पुन्हा पाय चेपायला घेतले.

जूनमध्ये वदीदाला उठवेना. तिसऱ्या रविवारी उपासना संपल्यावर अबूना कुर्बान घेऊन घरी आले. गळ्यात लाल रेशमी पिशवी, पिशवीत चांदीची डबी, डबीत तो तुकडा. पुढे जरीफ मेणबत्ती घेऊन. असं कुर्बान नेताना वाटेत कुणाशी बोलत नाहीत, आणि ते पोटात जाईपर्यंत नेणाऱ्यानेही पाणी प्यायचं नसतं. अबूनांनी आदल्या मध्यरात्रीपासून पाणी घेतलं नव्हतं.

वदीदाने ओठ मिटले.

"अबूना, मी अबोला धरलाय," ती म्हणाली. "नियम तुम्हालाच ठाऊक. रुसव्यात घेऊ नये."

अबूनांना वाटलं तर तो तुकडा स्वतः घेऊन ते घरी जाऊ शकत होते. तशी सोय आहे. पण ते खाटेशेजारच्या पेटीवर बसले. "मी थांबतो," म्हणाले.

"थांबा. मीही थांबले होते."

दुपार चढली. मातीच्या भिंती तापल्या. माश्या वदीदाच्या तोंडावर बसत, बलसम फडक्याने हाकलत होती. एका हाताने पिशवी छातीशी धरून अबूना मनातल्या मनात काहीतरी म्हणत होते. हळूहळू त्यांचे ओठ कोरडे पडले, मग त्यांना भेगा पडल्या. जरीफची मेणबत्ती वाकली, त्याने दुसरी लावली. वदीदा मध्येच ग्लानीत जाई, मध्येच डोळे उघडी, आणि दर वेळी तिची नजर आधी त्या लाल पिशवीकडे जाई. अबूनांच्या चेहऱ्याकडे ती बघतच नव्हती. एकदा ती पिशवीला म्हणाली, "दमलास?" आणि पुन्हा डोळे मिटले.

ऊन भिंतीवरून उतरायला लागलं तेव्हा अबूनांनी मान मागे टेकली. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. बलसमचा धीर सुटला.

"वहिनी, तुझं भांडण त्याच्याशी. या पोराला कशाला मारतेस? तू घेतल्याशिवाय यांना पाण्याचा घोट घेता येत नाही."

वदीदाने पहिल्यांदा अबूनांकडे पाहिलं. त्यांच्या ओठांवरच्या भेगा पाहिल्या.

"हे माहीत नव्हतं मला," ती म्हणाली. "द्या. तुमच्यासाठी घेते. त्याच्यासाठी नाही."

अबूनांनी तुकडा तिच्या जिभेवर ठेवला, बलसमने रुमाल तोंडावर धरला, वर घोटभर पाणी पाजलं. मग अबूनांनी डबी धुऊन ते पाणी पिऊन टाकलं, आणि त्यानंतर मटक्यातला आख्खा पेला उभ्यानेच घशात ओतला. मग ते घरी निघून गेले.

जरीफ खाटेशी गुडघ्यावर बसला. तेराव्या वर्षीची ती गोष्ट वदीदाने लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याला एकदा सांगितली होती. त्याने कानाशी वाकून विचारलं, "आला का गं?"

तिने रुमाल तोंडावरून काढला नव्हता. आतूनच म्हणाली, "आलाय."

"मग?"

"बसलाय. बसू दे. मी बोलत नाही त्याच्याशी."

सोमवारी ती तसाच रुमाल धरून पडून होती. मंगळवारी तिचे ओठ हलताना बलसमने पाहिले, पण ती काय म्हणाली हे ऐकू आलं नाही, आणि शिव्या होत्या की दुसरं काही, हेही बलसमला सांगता आलं नाही. बुधवारी सकाळी वदीदा गेली.