जावयाला विचारणार कोण?

ज्याला शस्त्राचा इतिहास ठाऊक नाही, त्याला ते बाळगण्याचा अधिकार नाही. हे वाक्य माझं आहे. बारामतीतल्या एका सभागृहात मी ते बोललो तेव्हा समोरची मंडळी क्षणभर गंभीर झाली. मग मागून कुणीतरी चहा आल्याचं सांगितलं आणि अधिकाराचा प्रश्न तिथेच मिटला. बरं झालं. कारण माझ्या संग्रहातल्या पहिल्या चाकूचा इतिहास मला पुरता ठाऊक आहे, आणि तो मी माझ्या बायकोलासुद्धा कधी सांगितलेला नाही. तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

मी इतिहास शिकवतो आणि चाकू जमवतो. खिशातले मिटते चाकू आणि शिकारीच्या जुन्या सुऱ्या. बटण दाबताच उघडणारे मी घेत नाही. पोलिसांशी ओळख वाढवायची मला हौस नाही. लोक संग्रह पाहायला येतात आणि बहुतेक हिरमुसून जातात. त्यांना तलवार हवी असते, आणि तीही कुणा सरदाराची. आपल्याकडे साध्या शिपायाची म्हणून एकही तलवार उरलेली नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का? सगळे शिपाई बहुधा मोकळ्या हातांनीच लढले असावेत.

चाकूचं तसं नसतं, म्हणून तर मला तो आवडतो. चाकू कुणाच्या पराक्रमाचा नसतो, तो कुणाच्या तरी खिशातला असतो. चांगला मिटता चाकू उघडताना पातं शेवटच्या क्षणी आपणहून जागेवर जातं आणि ‘टक्’ असा आवाज येतो. आत फक्त पोलादाची एक वाकलेली पट्टी असते, बाकी काही नाही. पण ती बसवणाऱ्या माणसाचा हात किती नेमका असेल! हौशी पोरं विचारतात, सर, सुरुवात कशी करायची? मी सांगतो, एकच घ्या, पण वापरलेला घ्या. पातं बाजूला हलतं का पाहा. शिलाई मशीनचं तेल लावा. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि पातं गंजतं. धार चाकावर लावू नका, पोलाद तापून मऊ पडतं. आणि चाकू कुणाचा होता, तुमच्याकडे कसा आला, ते लिहून ठेवा.

मग ती पोरं विचारतात, तुमची सुरुवात कशी झाली? मी सांगतो, जत्रेत एक रामपुरी घेतला तिथून. कुठली जत्रा? कसला रामपुरी? माझ्या संग्रहात रामपुरी नाहीच. आजवर कुणी मोजून पाहिलं नाही, एवढंच.

माझी सुरुवात एका लग्नात झाली.

दत्ता माझा कॉलेजपासूनचा मित्र, इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याचा. मी सांगवीचा. त्याच्या वडिलांना सगळे आबा म्हणतात. त्यांची पेरूची बाग आहे. आबांच्या बंडीच्या खिशात कायम एक चाकू असायचा. शिंगाची मूठ, हाताच्या घामाने काळीभोर झालेली. शिकारीच्या सुरीसारखं पुढे वर वळलेलं टोक. दगडावर घासून घासून पातं निम्मं झिजलेलं, पण उघडताना असा आवाज, की बांधापलीकडचा माणूस मान वळवून बघेल. कालव्याच्या कामावर आलेल्या कुणा साहेबाने तो त्यांच्या आज्याला दिला, असं आबा सांगत. आमच्या भागात त्या साहेबांनी वाटलेल्या वस्तू एकत्र केल्या, तर ते कालवा खणायला आले होते की दुकान मांडायला, असा प्रश्न पडतो. पण चाकू अप्रतिम होता. आबा त्याने पेरूची कलमं करत, आणि पाहुणा आला की त्यानेच पेरू चिरून पुढे ठेवत. पाकळ्या अशा सुटायच्या की फळाला आपण चिरलो गेल्याचं कळू नये.

दत्ताच्या लग्नात हाच चाकू नवरदेवाच्या हातात आला. हळद लागली की नवरदेवाने टोकाला लिंबू खोचलेला चाकू जवळ बाळगायचा, बाधा होऊ नये म्हणून. आमच्यात हे नसतं. आम्ही बौद्ध. वंदना होते, पंचशील होतं, वधू-वर एकमेकांना हार घालतात, आणि बाधेचं ज्याचं तो बघतो. म्हणून मी त्या चाकूकडे कुतूहलाने बघत होतो — खरं सांगायचं तर हावरटासारखा बघत होतो. लिंबाच्या रसाने ते जुनं पोलाद काळं पडत चाललं होतं. माझा जीव तुटत होता.

अक्षता पडल्या. फोटोग्राफर दत्ताला म्हणाला, “नवरदेव, तेवढा चाकू कुणाकडं तरी द्या. नवरीला पळवून आणल्यागत दिसतंय.” मांडव हसला. दत्ताने चाकू माझ्याकडे दिला. मी लिंबू काढून टाकलं. रुमालाने पातं पुसलं. मिटवलं. टक्.

आणि खिशात ठेवला.

विसरलो होतो का? नाही. जेवताना तो मांडीला लागत होता. घरी जाताना मोटरसायकलवर लागत होता. उद्या देऊ म्हणालो. लहानपणापासून पंचशील म्हणत आलोय — न दिलेलं घेणार नाही, खोटं बोलणार नाही. त्यातलं पहिलं त्या दिवशी मोडलं आणि दुसरं दुसऱ्या दिवशी, दत्ताचा फोन आला तेव्हा. “अरं, आबांचा चाकू कुणाकडं हाय? म्हाताऱ्यानं घर डोक्यावर घेतलंय.”

मी म्हणालो, “मांडवातच दाजींच्या हातात दिला की.”

दाजी म्हणजे दत्ताच्या थोरल्या बहिणीचे, सुमनताईचे यजमान. कळंबला त्यांचं पाण्याच्या मोटारी वाइंडिंग करायचं दुकान आहे. लग्नात सगळ्यात जास्त राबलेला माणूस. बंद पडलेला जनरेटर त्यांनी नव्या कपड्यांत उकिडवं बसून चालू केला होता. त्यांचंच नाव का घेतलं? पहिलं तोंडात आलं ते. पण पुढे माझ्या ध्यानात आलं, की याहून हुशार खोटं मला विचार करूनही सुचलं नसतं. भावकीतल्या कुणावर आळ घेतला असता तर आबांनी त्याचे खिसे उलटे केले असते. आचाऱ्यावर घेतला असता तर पोत्यांची झडती झाली असती. पण जावई! जावयाला कोण विचारणार, की पाव्हणं, आमचा चाकू तुमी नेला का? तसं विचारण्यापेक्षा आबांनी बाग तोडली असती.

तेव्हा त्यांनी विचारलं नाही. फक्त विसरले नाहीत.

दाजी घरी आले की आबा अख्खा पेरू त्यांच्या हातात ठेवत. “खावा तसाच, पाव्हणं. चिरून दिला आस्ता. चाकू हुता घरात. आता न्हाय.” पहिल्या वेळी दाजी हसले आणि दातांनी पेरू फोडून खाल्ला. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. दिवाळीत तेच. धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण दिलं आणि वर, “एवढंच हाय बरं का. चांगलं हुतं ते आधीच गेलं.” सुमनताईला कळेना. मग तिने दत्ताला खोदून विचारलं आणि आबांचा संशय तिला कळला. तिच्याकडून दाजींना. तेव्हापासून ते सासरवाडीला यायचे थांबले. सुमनताई सणाला एकटी यायची, दुसऱ्या दिवशी जायची. एकदा मी तिथे होतो. ती आईजवळ बसून पेरू विळीवर चिरत होती. हे सगळं मला दिसत होतं. मी काय केलं? माझी दुसरी सुरी विकत घेतली. संग्रह वाढला की पहिला चाकू त्यात मिसळून जाईल, असं मला वाटलं.

इथे एक कारण सांगता येईल. खरं बोललो असतो तर लोकांनी माझं एकट्याचं नाव घेतलं नसतं, आमच्या सगळ्या वस्तीचं घेतलं असतं. हे खोटं नाही. पण तेव्हा ते माझ्या मनात आलंच नव्हतं. ते मी नंतर, सवडीने शोधून काढलं.

मग मागल्या साली पेरूच्या हंगामात दाजी अचानक वरकुट्याला गेले. सुमनताई बरोबर. सगळ्यांसमोर त्यांनी खिशातून एक मिटता चाकू काढला आणि म्हणाले, “आबा, ह्यो माझ्याकडंच ऱ्हायला हुता. परवा सापडला. चुकलं माझं.”

दत्ताने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा मी कपाटातला कप्पा उघडून पाहिला. आबांचा चाकू जागच्या जागी होता.

ज्या माणसाने काहीच केलं नव्हतं त्याने, बायकोचं माहेर परत यावं म्हणून, चार माणसांत चोरी कबूल केली. बिनतलवारीचे शिपाई लढले कसे, ते मला त्या दिवशी थोडं कळलं.

पुढच्याच गुरुवारी आबा बारामतीच्या बाजाराला आले आणि तिथून थेट माझ्या घरी. टेबलावर चाकू ठेवला. “मास्तर, तुमी यातलं जाणकार. डोळ्याचं आपरेशन झाल्यापासनं मला सगळंच नवं दिसतंय, त्याचं काय न्हाय. पर हाताला ह्यो परका लागतोय. आमचाच हाय का न्हाय, तेवढं सांगा.”

पिना कोऱ्या पितळेच्या होत्या. मूठ शिंगाची नव्हती, शिंगासारख्या दिसणाऱ्या कशाची तरी होती. पातं अख्खं होतं, दगड न पाहिलेलं. मात्र शोधणाऱ्याने कष्ट घेतले होते. टोक तसंच वर वळलेलं, लांबी तीच. फक्त आठवणीवरून हे जमवायला दाजी किती बाजार हिंडले असतील? आणि मूळ चाकू आबांच्या खुर्चीमागच्या कप्प्यात, हातभर अंतरावर.

नाही म्हणालो, तर दाजी चोर आणि वर लबाड. हो म्हणालो, तर दाजी चोर, पण वस्तू परत करणारे. खरं उत्तर द्यायला फक्त कप्पा ओढायचा होता.

“हाच आहे, आबा,” मी म्हणालो. तेवढ्यावर थांबलो का? नाही. पातं झिजलं म्हणून कुणीतरी नवं बसवलंय, मूठ कोरडी पडली की रंग बदलते, पिनाही तेव्हाच नव्या घातल्यात — सगळं समजावून सांगितलं. शिकलेला माणूस खोटं बोलतो तेव्हा तळटीपाही देतो. आबांचा चेहरा उजळला. “म्हंजे पाव्हण्यानंच नेला हुता म्हना की! पर आनून दिला गड्यानं. मन मोठं हाय.”

तेव्हापासून आबा ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. जावयाने चाकू चोरला, जावयाने परत केला, मास्तरांनी तपासून दिला. गोष्टीत सगळ्यांचं कौतुक आहे. दाजी शेजारी बसून ऐकतात आणि हसतात. सुमनताई आता आठवडाभर राहते.

गेल्या महिन्यात मी वरकुट्याला गेलो. अंगणात बाजेवर आबा, कडेला दाजी. आबा म्हणाले, “माझ्या हातानं आता कलम हुईना. चाकू तुमी न्या, मास्तर. तुमच्या साठ्यात ऱ्हाईल. पाव्हणं, द्या त्यास्नी. खाली ठिऊन द्या, हातात नगा दिऊ.” धारेची वस्तू आमच्या भागात कुणी कुणाच्या हातात देत नाही. भांडण लागतं म्हणतात. ठेवणाऱ्याने खाली ठेवायची, घेणाऱ्याने उचलायची.

दाजी उठले, जवळ आले आणि चाकू सरळ माझ्या हातात दिला.

“ठिवा जपून,” ते हळूच म्हणाले. “तुमच्यासारखा जाणकार वळखायला चुकत नसतो, सर.”

म्हणजे त्यांना कळलेलं आहे. कधीपासून? मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मी चाकू खिशात ठेवला. आबांनी पेरू मागवले, सुमनताईने ते विळीवर चिरून आणले आणि आम्ही खाल्ले.

आता दोन्ही चाकू माझ्याकडे आहेत. दाजींनी आणलेल्याची धार जास्त टिकते.