भाऊजींचा तुडतुडा

माणसांकडे पाठ आणि झाडांच्या पानांकडे तोंड करून आमच्या भाऊजींइतकं आयुष्य काढलेला गृहस्थ सबंध बालाघाट जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गावातल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. एवढं जंगल उशाशी असून वाघ-बिबट्यांची त्यांना काडीची ओढ नव्हती. त्यांचा सगळा जीव तुडतुड्यांवर. तुडतुडा म्हणजे तांदळाच्या कणीएवढा, पानाचा रस पिणारा, बोट नेलं की तिरपी उडी मारून पसार होणारा किडा. धानाच्या मुलखात त्याचं नाव निघालं की पाठोपाठ शिवी निघते. एखादा शेतकरी मोठ्या आशेने यायचा, "साहेब, धानावर तुडतुडा पडला, कोनतं औषध मारू जी?" भाऊजी खुर्चीतून ताडकन उठायचे. "मारता काहून? पहिले मले पाहू तं द्या!" आणि त्याच्याच सायकलच्या कॅरिअरवर बसून त्याच्या शेतावर जायचे.

इतरांच्या खिशात पेन असतं, यांच्या खिशात काचेची नळी. तिला रबराची नळी जोडलेली, मध्ये जाळीचा तुकडा. किडा दिसला की रबराचं टोक तोंडात धरून श्वास ओढायचा. किडा काचेच्या नळीत हजर. माझं लग्न गोरज मुहूर्तावर लागलं, लालबर्ऱ्याला. वर गॅसबत्ती टांगलेली, खाली आमच्यामध्ये पांढराशुभ्र अंतरपाट. मंगलाष्टकं रंगात आली आणि उजेडाला भुलून शेदोनशे तुडतुडे त्या अंतरपाटावर उतरले. भाऊजी अक्षता टाकायच्या सोडून पुढे घुसले आणि माझ्या नाकासमोर सुर्र सुर्र करीत एकेक किडा ओढू लागले. भटजी थबकले, तेव्हा तोंडातली नळी न काढता भाऊजींनी हातानेच खूण केली, चालू द्या. भटजींनी शेवटचं 'सावधान' म्हटलं ते भाऊजींनाच, असं आमच्याकडे अजून सांगतात.

परसवाड्याच्या पुढे, जंगलात, तेंदूच्या झुडपांवर त्यांना एक पिवळसर तुडतुडा सापडला. कपाळावर काळा ठिपका. या किड्यांच्या जाती वरून ओळखू येत नाहीत. नराचं पोट कॉस्टिकच्या पाण्यात उकळून आतला एक केसाएवढा अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. माद्या पुष्कळ मिळाल्या, नर एकच. ताईच्या चुलीवर परीक्षानळी धरून भाऊजी बसले.

"हे काय चाललं?" ताईने विचारलं.

"पोट उकळून राह्यलो."

"माह्या चुलीवर?"

"तुह्या चुलीची आच एकसारखी हाय," भाऊजी म्हणाले. ताईला ही तारीफ कशी घ्यावी ते कळलं नाही. त्याच आठवड्यात तिने स्वयंपाकाला दुसरी शेगडी घेतली.

त्या अवयवाच्या टोकाला भाऊजींना एक दात दिसला. त्यांनी पत्र लिहून विचारल्यावर परदेशातल्या एका तज्ज्ञाने कळवलं की कपाळावर ठिपका असलेली जात ठाऊक आहे, पण तिला दोन दात असतात. एकच असेल तर तुमची जात नवीन, आकृती काढून पाठवा. भाऊजींचे पाय जमिनीला लागेनात. नाव बालाघाटवरूनच ठेवायचं, हेही ठरलं.

आकृती मात्र होईना. आज उजेड बरा नाही, उद्या भिंगच खराब. मग एकदा त्यांनी चहा बशीत न ओतता मांडीवर ओतला, आणि ताईने त्यांना नागपूरला नेलं. काचबिंदू होता. गेलेली नजर येणार नाही आणि उरलेली टिकेल असंही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. परत आल्यावर भाऊजी घाईने आकृतीला बसले. हात चाचपडला, धक्का लागला, आणि तो अवयव ठेवलेली काचेची वाटी खाली पडली. धुळीच्या कणाएवढी ती वस्तू. ताईने आणि मी ओणवे होऊन फरशी शोधली. भाऊजी खुर्चीत बसून राहिले. ताईने कितीतरी दिवस त्या खोलीत झाडू लावला नाही.

मग ज्या ताईला झुरळ दिसलं तरी घर डोक्यावर घ्यायची सवय, ती म्हणाली, "चला, दुसरा आणू." पुढल्या मोसमात दोघं बसने परसवाड्याला जाऊ लागली, तिच्या हातात जाळी, तिच्या खांद्यावर त्यांचा हात. झुडपं होती तिथे आता सागाची रोपं रांगेने लावलेली. उरलेल्या एका कोपऱ्यात तिने जाळी फिरवायची आणि त्यांनी विचारायचं, ठिपका हाय काय? माद्याच मिळत. अखेर एक नर सापडला. तोवर भाऊजींना उजेड-अंधारापलीकडे काही दिसत नव्हतं. त्यांनी सांगायचं आणि तिने करायचं, असं करत तिने त्याचं पोट उकळलं, अवयव सुईने सोडवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मी तिथेच होतो.

"कोयत्यावानी वाकलं हाय," ती म्हणाली. "टोकाले दात हायेत. दोन."

"दोन? नीट पाह्य."

"दोनच हायेत जी."

भाऊजी खुर्ची पुढे सरकवून बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "आता तो आडवा फिरव. आता किती?"

तिने फिरवलं. "आता एक दिसते."

"हौ. आडवा पाह्यला का एकामागं दुसरा लपते. हेच तं मी पोरायले शिकवतो." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मंग मी आडवाच पाह्यला असंन. नवी जात नाही ते."

मी म्हणालो, "भाऊजी, तो पहिला वेगळाही असू शकेल."

"असू शकते. पन पुरावा काय दाखवू?" त्यांनी त्याच दुपारी मला समोर बसवून त्यांच्या नावाने तज्ज्ञाला पत्र लिहायला लावलं, की 'चूक माझी होती.' त्या मजकुरात डोळ्यांचा उल्लेख त्यांनी येऊ दिला नाही.

ताई स्वयंपाकघरात रडत होती. "मी एक म्हनली असती तं काय गेलं असतं रे? कोन पाहाले येनार होतं?" तिने डोळे पुसले आणि भात पाहिला.

पुढे भाऊजींची नोकरी गेली. शेवटच्या वर्षांत ते संध्याकाळी ओसरीवर बसत. दिवा लागला की किडे येत, आणि ते कान देऊन बसत, जणू उड्या ऐकू येत होत्या. एकदा मी गेलो तेव्हा त्यांनी हात अगदी स्थिर धरला होता. मनगटावर काहीतरी बसलं होतं.

"कोन हाय पाह्य बरं," ते ताईला म्हणाले.

ताई वाकली. "हिरवा हाय. साधाच. धानावरचा."

"असू दे," भाऊजी म्हणाले. "उडवू नको."

ती तशीच वाकून, श्वास रोखून, त्यांच्या हाताजवळ थांबली.